क्रूझवर खायचं काय? सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

क्रूझवर एकच पदार्थ खायचा असेल तर कुठला खायचा?

बहुतेक जण सांगतील चॉकलेट मेल्टिंग केक, आणि ते काही चुकीचं नाही. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या बोटींवर हा केक खूप फेमस आहे. छोट्या पांढऱ्या वाटीत गरम गरम येतो, वरचा पातळ पापुद्रा चमच्याने फोडला की आत दाट, अर्धवट सेट झालेलं चॉकलेट, आणि शेजारी व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा. तो गोळा त्या खड्ड्यात ढकलायचा आणि लगेच खायला सुरुवात करायची, फोटो काढत बसलात तर दोन मिनिटांत आतलं सगळं घट्ट होतं आणि मग तो नुसता केक राहतो.

पण मला खरं विचाराल तर एकच पदार्थ सांगण्यात अर्थ नाही, एक हिशोब सांगते तो लक्षात ठेवा. बोटीवर हजारो माणसं जवळपास एकाच वेळी जेवायला बसतात. त्यामुळे जे पदार्थ करून ठेवले तरी बिघडत नाहीत, म्हणजे सूप, ब्रेड, मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं मटण, रोस्ट म्हणजे भाजलेला मांसाचा मोठा तुकडा, करी, ब्रेड पुडिंग, ते क्रूझवर अगदी मस्त मिळतात. आणि जे कढईतून किंवा तव्यावरून थेट ताटात यायला हवेत, म्हणजे अंडी, मासे, पास्ता, तळलेलं काहीही, ते तुमच्यासमोर करून मिळत असतील तरच घ्या. खालची सगळी उत्तरं यावरूनच आलेली आहेत.

बुफे बरा की डायनिंग रूम?

दोन्हीकडे जा, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. डायनिंग रूम म्हणजे बोटीचं मुख्य रेस्टॉरंट, तिथे वेटर टेबलवर आणून देतात. बुफेमध्ये आधी रिकामी प्लेट हातात धरून एक पूर्ण फेरी मारायची, काही घ्यायचं नाही, फक्त बघायचं. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन ट्रेमध्ये पोट भरणाऱ्या गोष्टी असतात, बटाटे, भात, पाव, आणि लोक तिथेच प्लेट भरून टाकतात, मग पुढे जिथे शेफ मोठा रोस्ट कापून देतोय किंवा पास्ता समोर परतून देतोय तिथे पोचेपर्यंत प्लेटमध्ये जागाच नसते. मी पहिल्या ट्रिपला चार दिवस हेच केलं. रोस्ट कापणाऱ्या माणसाला सांगता येतं की मला कडेचा, जास्त भाजलेला तुकडा द्या, किंवा मधला मऊ द्या, तो आनंदाने देतो.

बुफेतले तळलेले मासे, फ्राइज, ट्रेमध्ये वाट बघत पडलेली स्क्रॅम्बल्ड अंडी, ही मंडळी सोडून द्या. ट्रे नुकताच बदलला असेल तर गोष्ट वेगळी.

डायनिंग रूममध्ये उलट. तिथे निवांत बसायचं, कोर्स एकेक करून येतात, आणि खरी मजा स्टार्टर्स आणि सूपमध्ये असते असं माझं ठाम मत आहे.

डायनिंग रूममध्ये दोन दोन पदार्थ मागवले तर चालतं का? वेटरला राग येत नाही?

अजिबात नाही येत. दोन स्टार्टर आणि एक सूप, मेन कोर्सच नको, किंवा मेन डिश स्टार्टरच्या साइजमध्ये, असं काहीही सांगता येतं. साधारणपणे त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. काही कंपन्या जास्तीच्या मेन डिशचे किंवा दुसऱ्या लॉबस्टर टेलचे, म्हणजे शेवंडीच्या शेपटीचे, पैसे घेतात, ते मेनूवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, एकदा वाचून घ्या. टेबलवर चौघं असाल तर चार वेगळे मेन आणि मधे एक पाचवा सगळ्यांनी चाखायला, असं केलं की आठवड्यात जवळपास पूर्ण मेनू खाऊन होतो.

फक्त एक विनंती, मागवलेलं खा. नाही आवडलं तर सांगा, बदलून देतात, पण नुसतं मागवून ठेवू नका. समुद्रावर उरलेलं अन्न म्हणजे कोणालातरी ते वेगळं करून, दळून, नियमाने ठरलेल्या अंतरापलीकडेच टाकावं लागतं.

जेवणाची ठरलेली वेळ घ्यावी की हवं तेव्हा जावं?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, संध्याकाळी सहाच्या आसपासची एक पंगत आणि आठ सव्वाआठची दुसरी. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली फ्रीस्टाइल पद्धत आणली, हवं तेव्हा हवं तिथे जेवा, आणि मग हळूहळू बाकीच्यांनीही तसे पर्याय दिले. डिस्नेने त्याआधीच, १९९८ मध्ये, पहिली बोट आणली तेव्हा त्यांनी वेगळाच मार्ग काढला, तुम्ही रोज वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवता आणि तुमचे वेटर तुमच्याबरोबर तिथे येतात.

मी ठरलेली वेळ घेते. कारण एकच, रोज तोच वेटर. दुसऱ्या दिवशी त्याला कळलेलं असतं की हिला पाव आधी लागतो आणि पाण्यात बर्फ नको, तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून सांगतो की आज मासा मागवू नका, आज लॅम्ब शँक घ्या. बोटीवर सगळ्यात उपयोगी माहिती हीच. किचनमध्ये आज काय छान जमलंय हे मेनूला नाही कळत, त्याला कळतं. त्यामुळे पहिल्या दिवशी विचारायचं, "आज तुम्ही असता तर काय खाल्लं असतं?" आणि तो जे सांगेल ते एकदा तरी मागवायचं.

लॉबस्टर नाइट कधी असते?

बहुतेक ठिकाणी नटूनथटून जेवायला जायची जी संध्याकाळ असते त्यातल्या एखादीला, सात दिवसांच्या ट्रिपमध्ये दोन असतील तर बऱ्याचदा दुसरीला. छोट्या तीन चार दिवसांच्या ट्रिपवर असेलच असं नाही. शेपटी भाजून येते, बरोबर वितळवलेलं लोणी. इथे मात्र वरचा हिशोब आठवा, शेकडो शेपट्या एकदम भाजल्या जातात, थोडा वेळ गेला की मांस रबरासारखं होतं. आमच्या टेबलवर एकाच ऑर्डरमधल्या दोन प्लेट्स अगदी वेगळ्या लागल्या होत्या, एक लुसलुशीत, एक चिवट. चिवट आली तर संकोच न करता सांगा, नवीन आणून देतात.

एस्कार्गो म्हणजे गोगलगायीच ना? खायच्या का?

हो, गोगलगायी. आणि हो, खायची असेल तर हीच जागा आहे, कारण हे जेवण तिकिटातच असतं, नाही आवडली तर पैसे वाया गेल्याचं दुःख नाही.

मी पहिल्यांदा मागवली तेव्हा प्लेटकडे बघतच राहिले. जाड सिरॅमिकची छोटी गोल प्लेट, तिला सहा खळगे, प्रत्येक खळग्यात एकेक गोगलगाय, शंख नाही काही नाही, आणि वरपर्यंत भरलेलं लसूण आणि पार्स्लीचं हिरवंगार लोणी, ते अजून बुडबुडत होतं. लांबून वास फक्त लसणाचा. चव म्हणाल तर मश्रूमच्या जवळची, थोडी जास्त चिवट. पण खरी गंमत शेवटी आहे, सहाही खळग्यांत उरलेलं लोणी. पावाचा तुकडा तोडायचा, खळग्यात दाबायचा, गोल फिरवायचा. मी त्या आठवड्यात तीनदा मागवली आणि तिसऱ्यांदा तर वेटरने न सांगता पावाची जास्तीची टोपली आणली.

कार्निव्हलच्या मेनूवर तर अशा धाडसी पदार्थांना वेगळी जागाच दिलेली असायची, कधी बेडकाचे पाय, कधी मगरीचे फ्रिटर्स. सगळंच आवडेल असं नाही पण शेअर करायला एक प्लेट टेबलवर असू दे.

थंड सूप? ते काय असतं?

स्ट्रॉबेरी, पीच, आंबा, कधी पायनापल, फळांचा गर आणि क्रीम किंवा दही घालून केलेलं, फ्रिजमधून काढलेलं सूप. स्टार्टरच्या यादीत असतं आणि पहिल्यांदा जाणारे हसून पुढे जातात. जाऊ नका पुढे. दिवसभर उन्हात पोर्ट फिरून आल्यावर, पाय दुखत असताना, त्या पहिल्या चमच्याला तोड नाही. काही जण ते जेवणाच्या शेवटी गोड म्हणून मागवतात, तेही चालतं. क्रूझच्या बाहेर मला हे फार कमी ठिकाणी दिसलंय, म्हणून मी याला खास बोटीचा पदार्थ मानते.

बेक्ड अलास्काची एवढी चर्चा का?

कारण तो नुसता पदार्थ नाही, तो कार्यक्रम आहे. खाली स्पंज केक, त्यावर आइस्क्रीम, आणि सगळ्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा साखर घालून फेटलेला जाड फेस, मेरिंग, तो वरून खरपूस भाजलेला. आइस्क्रीम भाजून वितळत कसं नाही तर त्या फेसात हवेचे असंख्य बुडबुडे असतात, हवा उष्णता आत जाऊ देत नाही, स्वेटरसारखं काम होतं. वर जे सांगितलं की करून ठेवलेलं काय टिकतं, तर हा त्यातला राजा, शेकडो लोकांसमोर मिरवून आणला तरी आत थंड.

जुनी पद्धत अशी की ट्रिपच्या शेवटाकडे एका रात्री डायनिंग रूमचे दिवे मंद करायचे, वेटर रांगेने पेटते बेक्ड अलास्का घेऊन यायचे, गाणं, टाळ्या, सगळे नॅपकिन गरगर फिरवायचे. आता आगीच्या काळजीमुळे खऱ्या ज्वाळांच्या जागी बहुतेक ठिकाणी बॅटरीवरचे दिवे आलेत आणि काही कंपन्यांनी मिरवणूक बंदच केली, मला याचं मनापासून वाईट वाटतं. तुमच्या बोटीवर असेल तर त्या रात्री बुफेत जेवू नका, एवढं ऐका.

बाकी गोडात काय सोडू नये?

हॉलंड अमेरिका या क्रूझ कंपनीचं ब्रेड पुडिंग. साधा पदार्थ आहे, शिळा पाव, दूध, अंडी, साखर, पण मोठ्या ट्रेमध्ये केलं की कडा कुरकुरीत होतात आणि मधलं थरथरतं राहतं, वर गरम व्हॅनिला सॉस. बुफेत उभं राहून वाढणाऱ्याला कडेचा तुकडा मागा.

डिस्नेच्या पालो रेस्टॉरंटमधलं चॉकलेट सुफ्ले. पालो फक्त मोठ्यांसाठी आहे आणि वेगळे पैसे पडतात. सुफ्ले म्हणजे फेटलेल्या अंड्याने फुगवून भाजलेला हलका पदार्थ, तो एक मिनिटही थांबू शकत नाही, बसकण मारतो, म्हणून ते दोन हजार लोकांच्या हॉलमध्ये जमणारच नाही, अशा छोट्या जागीच खावं. वेटर चमच्याने वर भोक पाडतो आणि आत सॉस ओततो.

पूलजवळच्या मशीनचं सॉफ्ट आइस्क्रीम, हे सांगायची गरज नाही, तुमचं तुम्हालाच सापडेल.

ब्रेकफास्ट कुठे करावा?

डायनिंग रूममध्ये, जमेल तितक्या वेळा. सकाळी सगळी बोट बुफेवर तुटून पडते आणि खाली टेबलवर पांढरं कापड, गरम कॉफी, आणि ऑर्डर देऊन केलेले एग्ज बेनेडिक्ट असतात, पिवळं फोडलं की मफिनवर ओघळतं. बुफेत जायचंच असेल तर ऑम्लेटच्या काउंटरवर रांग लावा. ती माणसं चार पाच पॅन एकदम चालवतात, कोणाचं कांदा टोमॅटो, कोणाचं नुसतं चीज, कोणाचं फक्त पांढऱ्याचं, लिहून काही घेत नाहीत आणि चुकतही नाहीत. मी एका सकाळी मुद्दाम बाजूला उभी राहून बघत होते, एका माणसाने पाच मिनिटांत किती केली ते मोजता मोजता विसरले.

पोर्टला लवकर उतरायचं असेल तर रात्री दाराच्या हँडलला ब्रेकफास्टचं कार्ड अडकवून ठेवा, खुणा करून. ठरलेल्या अर्ध्या तासात ट्रे येतो.

रात्री बारा एकला भूक लागली तर?

पिझ्झा. बहुतेक मोठ्या बोटींवर रात्री उशिरापर्यंत, काहींवर तर चोवीस तास मिळतो. पीठ फिरवून समोर भाजत असतील तर छानच, काउंटरवर पडलेला तुकडा घेण्यापेक्षा नवीन निघेपर्यंत थांबा. पूर्वी मिडनाइट बुफे असायचे, बर्फाचे कोरलेले हंस, कलिंगडावर कोरलेली फुलं, लोक आधी फोटो काढायला यायचे आणि मग जेवायला. आता ते खूपच कमी झालेत.

दुपारच्या खाण्याचं काय?

सी डे असेल, म्हणजे बोट कुठेच थांबणार नसेल, तेव्हा दुपारी बुफे सगळ्यात भरलेला असतो. त्या वेळी छोटी काउंटर शोधा. कार्निव्हलवर अमेरिकन टीव्ही शेफ गाय फिएरी (Guy Fieri) याचं बर्गर जॉइंट २०११ पासून आहे, बर्गरला वेगळे पैसे नाहीत, सॉस आणि कांदा वगैरे आपण आपलं घालायचं. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या मोठ्या बोटींवर पार्क कॅफेमध्ये रोस्ट बीफचं सँडविच मिळतं, पावावर जाडं मीठ आणि शहाजिऱ्यासारख्या बिया लावलेल्या, बीफ खाणारे लोक त्यासाठी दुसऱ्यांदा बोट बुक करतात असं म्हणायला हरकत नाही इतकं प्रेम आहे.

आणि दुपारचा चहा. क्युनार्ड या क्रूझ कंपनीच्या बोटींवर साडेतीनला क्वीन्स रूममध्ये पांढरे हातमोजे घातलेले वेटर चहा, बोटभर सँडविच, मग गरम स्कोन म्हणजे छोटे गोल पाव, त्यावर घट्ट साय असलेलं क्लॉटेड क्रीम आणि जॅम घेऊन येतात, बाजूला संगीत चालू असतं. बाहेर राखाडी अटलांटिक आणि हातात गरम कप. वेगळे पैसे नाहीत.

पैसे भरून स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये जावं का?

ही पद्धत नवीन आहे असं वाटतं पण नाही, १९०५ च्या अमेरिका नावाच्या जर्मन बोटीवर वेगळे पैसे देऊन जेवायचं रेस्टॉरंट होतं, आणि १९१२ च्या टायटॅनिकवरही फर्स्ट क्लासच्या लोकांसाठी होतं.

माझं मत, एकदा जा, आणि स्टेक, सुशी किंवा सुफ्लेसाठी जा. तिथे कमी लोक असतात म्हणून प्रत्येक प्लेट वेगळी बनते, आणि जे पदार्थ वाट बघू शकत नाहीत त्यांचाच फायदा होतो. पास्ता किंवा सॅलडसाठी जादा पैसे देऊ नका. एका बोटीवर मी इटालियन जागी गेले होते आणि आदल्या रात्री खाली जी लसान्या फुकट खाल्ली तीच जवळपास तशीच आली, तेव्हापासून आधी मेनू मागून बघते. बऱ्याच ठिकाणी पहिल्या रात्री किंवा दुपारच्या जेवणाला दर कमी असतो, तेही विचारा.

मी व्हेजिटेरियन आहे, काय खाऊ?

उपाशी राहणार नाही. प्रत्येक रात्री मेनूवर एक तरी व्हेज मेन डिश असते, बऱ्याचदा करी, आणि ती करी, वर म्हटल्याप्रमाणे, थांबल्याने बिघडत नाही. पण कंटाळा येऊ शकतो, म्हणून दोन गोष्टी करा. बुकिंगच्या वेळीच कळवा, आणि पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला भेटून सांगा की काय चालतं, काय नाही, अंडं चालतं का, कांदा लसूण चालतो का. ते पुढच्या रात्रीचा मेनू आदल्या दिवशी दाखवतात आणि किचनला आधी सांगून वेगळं करून आणतात. सूप मागवताना नक्की विचारा की स्टॉक कशाचा, नावात मश्रूम असलं तरी आत चिकनचं पाणी असू शकतं.

ऍलर्जी असेल तर?

वरचंच, पण लेखी. बुफेमध्ये चमचे एका ट्रेतून दुसऱ्या ट्रेत जातात, त्यामुळे गंभीर ऍलर्जी असेल तर टेबलवर बसूनच जेवा.

बोट हलायला लागली आणि मळमळलं तर काय खायचं?

हिरवं सफरचंद आणि कोरडी खारी बिस्किटं. क्रूझवरचा हा जुना उपाय आहे, समुद्र खवळला की रिसेप्शनजवळ सफरचंदांची टोपली दिसते. आलं, आल्याचा चहा, साधा पाव हेही चालतं. रिकाम्या पोटी राहू नका, तसं केलं की जास्त त्रास होतो, थोडं थोडं खात राहा. आणि बोटीच्या मधल्या भागात, खालच्या डेकवर बसा, तिथे हेलकावे कमी जाणवतात.

पोट बिघडण्याची भीती वाटते, बुफे सुरक्षित असतो का?

काळजी घेतली तर हो. बोटीवर जो नोरोव्हायरस, म्हणजे पोट बिघडवणारा विषाणू, पसरतो तो बऱ्याचदा हातांवरून पसरतो, आणि सॅनिटायझरने तो नीट मरत नाही, साबण आणि पाण्याने वीस सेकंद हात धुणं हाच उपाय. बऱ्याच बोटींवर बुफेच्या दाराशी बेसिन ठेवलेले असतात ते यासाठीच. वाढायचे चिमटे सगळ्यांच्या हातातून फिरतात, म्हणून प्लेट भरून झाली की खायच्या आधी परत हात धुवा, मी तर पाव हाताने खायचा असेल तर हमखास धुते.

अमेरिकेच्या बंदरांना येणाऱ्या बोटींची तिथली सीडीसी ही आरोग्य संस्था न सांगता तपासणी करते, शंभरपैकी गुण देते, ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. हे गुण सगळ्यांना बघता येतात, बुकिंगच्या आधी आपल्या बोटीचे बघून घ्या.

अन्न ताजं असतं का? सगळं फ्रोझनच असेल ना?

मांस, मासे बरेचसे फ्रोझन येतात, हे खरं. पण ब्रेड रात्रभर बोटीवरच भाजतात, अगदी छोट्या रोलपासून. ज्या दिवशी जुने प्रवासी उतरतात आणि नवे चढतात त्याच दिवशी काही तासांत पॅलेटवर पॅलेट भाजी, फळं, दूध आत जातं. म्हणून सॅलड आणि फळं पहिल्या तीन चार दिवसांत भरपूर खा, शेवटी शेवटी बेरीज आणि पालेभाज्या जरा थकलेल्या दिसतात, सफरचंद, संत्री आणि कोबी मात्र टिकून असतात.

बुफेतली फळं किंवा सँडविच बाहेर पोर्टवर नेता येतात का?

नाही. बहुतेक देशांत ताजी फळं, मांस, भाज्या बोटीवरून उतरवायला बंदी असते, कीड आणि रोग पसरू नयेत म्हणून. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर बॅगेत विसरलेल्या एका सफरचंदावरही मोठा दंड होऊ शकतो, धक्क्यावर वास घेणारे कुत्रे असतात. केबिनमध्ये नेऊन खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही. उतरायच्या आधी रात्रीच बॅगेचे सगळे कप्पे उघडून बघा, मुलांच्या बॅगा आधी.